नाभीपाशी

शिप्रेच्या रामघाटावर पहाटे एक वेळ अशी असते, की महाकालाच्या भस्मआरतीला गेलेली माणसं अजून परतलेली नसतात आणि स्नानाला येणारी अजून पोचलेली नसतात. घाट जवळजवळ रिकामा असतो. पाण्यातल्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलेलं असतं आणि पाणी जरा हललं की ते सावकाश डोलतं. त्या वेळी तिथे बसायला मिळालं तर बसा. उज्जैन लांब असेल तर घरातच बसा, जमिनीवर किंवा खुर्चीवर, पाठीला आधार देऊन. घाई करू नका. उजवा तळहात पोटावर, बरोबर नाभीवर ठेवा. कपड्यावरूनही चालेल.

उज्जैनला परंपरेनं नाभीदेश म्हटलं आहे. पृथ्वी हे एक शरीर मानलं तर तिची नाभी इथे, महाकालापाशी. जुन्या ज्योतिषगणितात रेखांशाची मध्यरेषाही याच नगरीतून धरत. आमच्या इथल्या मराठी घरांत हे माहात्म्य लहानपणीच कानावर पडतं. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी अठराव्या शतकात महाकालाचं देऊळ पुन्हा उभं केलं, हेही त्याच ओघात सांगितलं जातं. शहराच्या नाभीबद्दल इतकं ऐकलं, पण स्वतःच्या नाभीबद्दल मला कुणी काही सांगितलं नव्हतं. आज तिच्यापाशी थोडं थांबू.

बोटांना जो खळगा लागतो, तो एक व्रण आहे. आपल्या अंगावरचा सगळ्यांत जुना व्रण. तिथे काय जोडलेलं होतं, असं स्वतःला विचारा. बहुतेकांच्या मनात उत्तर येईल: आई. आपण तसंच बोलतो. गावाशी नाळ, मातीशी नाळ, आईशी नाळ. पण नाळेच्या त्या टोकाला आई नव्हती. त्या टोकाला वार होती. आणि ती वार आईनं केलेली नव्हती, ती तुम्ही केलेली होती. ज्या एका फलित पेशीतून तुम्ही झालात, त्याच पेशीतून तीही झाली. तुमचाच एक अवयव, तळहाताखालच्या या जागेतून बाहेर गेलेला, आईच्या गर्भाशयाला घट्ट धरून राहिलेला. जन्म झाल्यावर काही मिनिटांत तो बाहेर पडला आणि कुणीतरी तो घेऊन गेलं. तुम्ही त्याला कधी पाहिलं नाही.

या वाक्यापाशी थांबा. दोन श्वास घ्या आणि सोडा.

आत्ता जो श्वास घेतलात, तो त्या काळात तुम्हाला घेता येत नव्हता. फुप्फुसं होती, पण पाण्यानं भरलेली. प्राणवायू आणायचं काम वार करत होती. तुमची मूत्रपिंडं पुरती कामाला लागलेली नव्हती, मळ बाहेर टाकायचं काम वार करत होती. आतड्याचं काम तिचं, ग्रंथींचं काम तिचं. पुढे ज्या कामांना पाच-सहा अवयव लागले, ती सगळी नऊ महिने एका चकतीनं सांभाळली. पुन्हा एकदा श्वास घ्या आणि हे काम आपल्याकडे केव्हा आलं ते आठवायचा प्रयत्न करा. आठवणार नाही. तरी प्रयत्न करा.

आता आणखी मागे जा. फलनानंतरचा सहावा-सातवा दिवस. तुम्ही शे-दीडशे पेशींची एक पोकळ गोळी आहात, टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान. हृदय नाही, मेंदू नाही, हात कुठे येणार हेही ठरलेलं नाही. पण एक निवड झालेली आहे: बाहेरच्या थरातल्या पेशींनी वार व्हायचं आणि आतल्या मूठभर पेशींनी बाळ. आपल्या आयुष्यातली ही पहिली वाटणी. बाहेरच्या पेशी पुढे जातात, गर्भाशयाच्या अस्तरात शिरतात आणि एक संदेश सोडतात. घरातल्या बाईला पाळी चुकल्याचं जाणवतं, ती औषधाच्या दुकानातून चाचणीची पट्टी आणते, पट्टीवर दोन रेघा उमटतात. त्या रेघा ज्या संप्रेरकामुळे उमटतात ते वारेच्याच पेशींनी तयार केलेलं असतं. म्हणजे घरात जी पहिली बातमी येते, ती बाळाच्या वतीनं वारेनं कळवलेली असते.

इथून पुढचे काही आठवडे मला फार विलक्षण वाटतात. आपण समजतो, की बाळ रुजलं म्हणजे आईचं रक्त लगेच त्याच्याकडे धावत असेल. तसं होत नाही. पहिले दहा-बारा आठवडे वारेच्या पेशी आईच्या रक्तवाहिन्यांची तोंडं स्वतःच बुजवून ठेवतात. आत रक्ताचा लोंढा येऊ नये म्हणून. कोवळ्या जिवाला जास्त प्राणवायूही सोसत नाही. त्या काळात गर्भाशयातल्या ग्रंथींतून पाझरणाऱ्या रसावर त्याचं भागतं. दार आतून लावलेलं, आणि आत मंद उजेडात काम चाललेलं.

ते काम काय? गर्भाशयाच्या भिंतीत शंभराच्या आसपास नागमोडी धमन्या असतात, स्प्रिंगसारख्या वळलेल्या, अरुंद, स्नायूंचा घट्ट वेढा असलेल्या. वारेच्या पेशी भिंतीतून खाली उतरतात, त्या धमन्यांपाशी पोचतात, त्यांच्यातला स्नायू विरघळवतात आणि त्यांची तोंडं रुंद करतात. रबरी नळीचं तोंड नरसाळ्यासारखं पसरावं तशी. मग पुढे दार उघडतं, तेव्हा रक्त उसळत नाही, संथपणे पसरतं. दिवस भरता भरता मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त गर्भाशयातून वाहत असतं, आणि तरी त्याचा जोर असा, की वारेच्या नाजूक झुपक्यांना इजा होऊ नये.

आणि आईचं शरीर हे सगळं होऊ देतं. निम्मी गुणसूत्रं बापाची असलेल्या, म्हणजे निम्म्या परक्या पेशी आपल्या भिंतीत इतक्या खोल उतरताहेत, तरी तिची प्रतिकारशक्ती त्यांना हुसकत नाही. उलट तिथे जमलेल्या, नावानं ‘मारक’ म्हणवणाऱ्या पेशी धमन्या रुंद करायच्या कामाला हातभार लावतात. कुठवर यायचं आणि कुठे थांबायचं, याची बोलणी त्या अंधारात दोन जिवांच्या पेशींमध्ये चाललेली असतात. बाहेर त्या वेळी ती बाई बहुधा उलट्यांनी हैराण होऊन बसलेली असते आणि कुणीतरी तिला लिंबाचं लोणचं आणून देत असतं.

हात नाभीवरच राहू द्या. समोरच्या पाण्याकडे पाहा.

शिप्रा आता स्वतःच्या पाण्यावर बारा महिने वाहत नाही. २०१४ पासून ओंकारेश्वरकडचं नर्मदेचं पाणी नळांतून, पंपांनी चढवून, उज्जैनी गावापाशी शिप्रेच्या उगमाजवळ सोडलं जातं. एका नदीला दुसरीनं नाळेतून पाजावं तसं. मला ही उपमा फार जवळची वाटते, पण ती एका जागी अपुरी पडते आणि तेच लक्षात ठेवायचं आहे. नर्मदा शिप्रेत मिसळते. आईचं रक्त बाळाच्या रक्तात मिसळत नाही. अठराव्या शतकात विल्यम आणि जॉन हंटर या भावांनी रंगीत मेण भरून पाहिलं तेव्हापासून हे ठाऊक आहे. दोन रक्तप्रवाह अगदी अंगाला अंग लावून वाहतात आणि मधे एक पातळ पडदा असतो. बाळाच्या बाजूचे झुपके आईच्या रक्तात बुडून डोलत असतात. वारेचा लहानसा तुकडा पाण्यात मोकळा करून पाहिला तर ते झुपके दिसतात, हुबेहूब या पायरीवरच्या शेवाळासारखे. सगळे झुपके उलगडून पसरले तर दहा-बारा चौरस मीटर भरतात, म्हणजे एका लहान खोलीची जमीन.

त्या पडद्यात पेशींना पेशी जोडलेल्या नसतात. तिथे पेशींमधल्या भिंतीच नाहीशा झालेल्या असतात. असंख्य पेशी एकमेकींत विरून एकच अखंड थर झालेला असतो, म्हणूनच त्याला फट नसते. पेशींना असं एकमेकींत विरायला लावणाऱ्या प्रथिनाचं नाव सिन्सिटिन. त्याचं जनुक मुळात माणसाचं नव्हतं, एका विषाणूचं होतं, हे २००० साली संशोधकांनी दाखवून दिलं. कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या वानरपूर्वजांना झालेला एक संसर्ग जनुकांत कायमचा राहून गेला, आणि ज्या हत्यारानं तो विषाणू पेशीत घुसत असे, त्याच हत्यारानं आज आई आणि बाळ यांच्यामधला पडदा विणला जातो. एका आजाराच्या अवशेषामुळे आपण सगळे जन्माला येऊ शकतो. हे मी पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नव्हती. तुम्हीही यावर घटकाभर बसा. लगेच अर्थ काढू नका.

वार मी पहिल्यांदा पाहिली ती आत्यामुळे. आत्या प्रसूतिगृहात सिस्टर होती, तीस वर्षं. मी परिचर्येच्या अभ्यासाला जावं अशी तिची इच्छा होती, म्हणून एकदा ती मला आत घेऊन गेली. बाळ रडलं, पुसून आईच्या छातीवर ठेवलं गेलं, सगळ्यांचे चेहरे सैल झाले. आत्याचा झाला नाही. “अजून वार पडायचीय,” ती म्हणाली. जुन्या बायका घराघरांत हेच विचारत: बाळ झालं ते कळलं, पण वार पडली का? तोवर बाळंतीण सुटली असं म्हणत नसत. ते शहाणपण रक्तानं शिकवलेलं होतं. वारेचा तुकडा आत राहिला तर गर्भाशय आकसत नाही आणि बाई रक्त जाऊन दगावू शकते.

मग ती आली. स्टीलच्या ट्रेमध्ये, वाफाळती. वीतभर रुंद, अर्ध्या किलोच्या आसपास वजनाची, दोन बोटं जाड. आत्यानं ती नळाखाली धुतली आणि आईकडची बाजू वर करून दोन्ही तळव्यांवर धरली. काळसर लाल, कलेजीसारखी, पंधरा-वीस खणांत विभागलेली. फुटलेल्या मडक्याचे तुकडे जुळवून पाहावेत तसे तिनं एकेक खण शेजारच्याला भिडवून पाहिले. काही उणं नव्हतं. मग उलटी केली. बाळाकडची बाजू चकचकीत, निळसर राखाडी. नाळ जिथे लागली होती तिथून रक्तवाहिन्या चहूकडे गेलेल्या, सिद्धवट या इथल्या वडाच्या फांद्या खालून पाहिल्यावर दिसतात तशा. नाळेच्या कापलेल्या तोंडावर तिनं बोट ठेवलं. “मोज.” तीन भोकं होती, दोन लहान, एक मोठं. दोन धमन्या, एक शीर. मग वजन केलं, वहीत लिहिलं आणि वार पिवळ्या पिशवीत गेली. नियमानं ती पिवळ्या पिशवीतच जाते आणि पुढे जाळली जाते. पूर्वी ती परसात खड्डा करून, वर दगड ठेवून पुरत असत. “माझी नाळ या गावात पुरलीय” असं आपण म्हणतो, ते वाक्य त्या खड्ड्यातून आलेलं आहे.

त्या पिशवीची मला तेव्हा काही खंत वाटली नाही. पुढे वाटली.

माझ्या मामेबहिणीला सातव्या महिन्यात हाताला सूज आली. बांगड्या निघेनात. घरातल्या मोठ्यांनी सांगितलं, गर्भारपणात सूज येतेच. मग डोकं दुखू लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. त्याआधी ती तपासणीला जाऊन आली होती. वजन केलं, गोळ्या दिल्या, गर्दी फार होती, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब कुणी पाहिला नाही. चौथ्या दिवशी तिला झटके आले. ती वाचली. बाळ वाचलं नाही. बाराव्या दिवसानंतर आलेल्या एका बाईनं माझ्या देखत म्हटलं, “हिनं नीट काळजी घेतली नाही.” मामेबहिणीनं मान खाली घातली. तिची ती खाली गेलेली मान मला आजही दिसते आणि हा लेख लिहिण्याचं खरं कारण तीच आहे.

तिला जे झालं त्याला डॉक्टर प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात, झटके आले की एक्लॅम्पसिया. शंभरातल्या दोन ते आठ गर्भारपणांत ते होतं. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४० आणि ९०च्या वर जातो, लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांना झळ लागते. पण त्याचं मूळ बहुतेकदा कितीतरी आधी पडलेलं असतं. मघाशी आपण जिथे थांबलो होतो, त्या मंद उजेडातल्या कामात. धमन्या पुरेशा रुंद झाल्या नाहीत, भिंतीत पुरेसं खोल उतरता आलं नाही. मग रक्त जोरानं आणि अडखळत येतं, झुपक्यांना मार बसतो, वार गुदमरते. बाईला त्यातलं काही कळत नाही. तिला दुखत नाही, खुपत नाही. सातव्या महिन्यात बांगडी अडकते तेव्हा त्या गोष्टीला चार महिने होऊन गेलेले असतात.

गुदमरलेली वार काय करते, हे कळायला २००३ साल उजाडावं लागलं. मद्रासला वैद्यकीय शिक्षण घेतलेले एस. अनंत करुमांची बॉस्टनमध्ये काम करत होते. त्यांच्या गटानं आजारी आणि निरोगी गर्भारपणांतल्या वारा घेतल्या आणि कुठल्या वारेत कुठलं जनुक जास्त बोलतं आहे ते पाहिलं. आजारी वारेत एक प्रथिन फार जास्त तयार होत होतं: एसएफएलटी-१. ते आईच्या रक्तात उतरतं. आईच्या रक्तवाहिन्यांना निरोगी राहायला वाढीचे काही रेणू सतत लागतात, ते किल्लीसारखे येतात आणि वाहिनीच्या भिंतीवरच्या कुलपात बसतात. एसएफएलटी-१ म्हणजे दारावरून सुटून रस्त्यात वाहत आलेलं कुलूप. येणारी किल्ली त्यातच अडकते, घरचं दार बंद राहतं. हे प्रथिन गाभण उंदरांच्या शरीरात वाढवलं तेव्हा त्यांचा रक्तदाब चढला, लघवीतून प्रथिनं गेली, मूत्रपिंडांत तसेच बदल दिसले. पुढच्या वर्षी आणखी कळलं, की लक्षणं दिसण्याच्या सुमारे पाच आठवडे आधीच हे प्रथिन रक्तात चढू लागतं आणि पीएलजीएफ नावाचा, वारेनंच केलेला, हितकारी रेणू त्याच्याही आधीपासून कमी असतो. आज या दोघांचं गुणोत्तर रक्तात मोजता येतं. ते ३८ किंवा त्याखाली असेल तर पुढच्या आठवड्याभरात हा आजार उसळणार नाही असं डॉक्टर बऱ्यापैकी खात्रीनं म्हणू शकतात, असं २०१६ मध्ये दिसून आलं.

जे आपण पिवळ्या पिशवीत टाकतो त्यात हे सगळं लिहिलेलं असतं. मात्र ते वाचायला घाई करावी लागते. वार बाहेर आल्यावर मिनिटामिनिटाला तिच्यातले नाजूक रेणू तुटत जातात. म्हणून पुण्यात भारती विद्यापीठाच्या संशोधनसंस्थेत डॉ. साधना जोशी आणि त्यांचे सहकारी ज्या वारांवर काम करतात, त्यांचे तुकडे प्रसूतीनंतर लगेच कापून, धुऊन, गोठवून ठेवावे लागतात. कुणाच्या तरी घरी पेढे वाटले जात असतात त्याच वेळी. या गटाला असं दिसलं, की प्रीएक्लॅम्पसियात वारेतलं डीएचए हे मेदाम्ल कमी असतं आणि फोलेट व बी-१२ ज्या चक्रात काम करतात त्या चक्रातही बिघाड असतो. मेंदूच्या वाढीला लागणारी काही प्रथिनंही बदललेली असतात.

पुण्याच्याच केईएम रुग्णालयातलं काम त्याहून जुनं आहे. १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी जवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांना लग्नानंतर, दिवस राहण्याच्याही आधीपासून तपासलं. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. त्याच बायकांच्या वारेचा आकार संशोधकांनी गर्भारपणाच्या मध्यावर सोनोग्राफीनं मोजला. गर्भारपणाआधी आईचं वजन कमी, तर वार लहान. वार लहान, तर पुढे बाळाचं वजन कमी. २००० साली हे छापून आलं. म्हणजे वारेची गोष्ट पाळी चुकल्याच्या दिवशीही सुरू होत नाही. ती त्या मुलीच्या माहेरच्या ताटापासून सुरू होते, सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते खाणाऱ्या मुलीपासून.

म्हणून “हिनं काळजी घेतली नाही” हे वाक्य खोटं आहे. मी ते ठामपणे खोटं म्हणते. धमन्या रुंद करणं तिच्या हातात नव्हतं. ज्या पेशींचं काम अपुरं राहिलं त्यांतली निम्मी गुणसूत्रं तर तिची नव्हतीच. १९८४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत अझीम सुरानी आणि सहकाऱ्यांना दिसलं, की फक्त बापाकडची गुणसूत्रं असलेल्या गर्भात बाळ नीट वाढत नाही, वारेचा भाग मात्र भरपूर वाढतो. वार घडवण्यात बापाच्या वाट्याचा हात मोठा असतो. तरी सांत्वनाला येणाऱ्या बायका बापापाशी जाऊन काही विचारत नाहीत.

नाभीवरचा हात थोडा हलका करा. मन जड झालं असेल तर होऊ द्या.

आता या शहराकडे या. २०१८ ते २०२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ आया दगावल्या. महाराष्ट्रात ३३. मध्य प्रदेशात १७३. सरकारनं २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आणली, दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला पैसे देऊ केले आणि बायका खरोखरच मोठ्या संख्येनं दवाखान्यात येऊ लागल्या. पुढे काय झालं हे उज्जैनच्या आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेबरोबर बारकाईनं पाहिलं. त्यातल्या २०१४ च्या एका अभ्यासात मध्य प्रदेशातल्या प्रसूतिकेंद्रांवरच्या परिचारिकांसमोर बाळंतपणातल्या गुंतागुंतीचे प्रसंग मांडले आणि विचारलं, अशी बाई समोर आली तर तुम्ही काय कराल? बहुतेकींची उत्तरं फार अपुरी होती. मी त्या परिचारिकांना दोष देत नाही. आत्याला मी तीस वर्षं पाहिलं आहे, एका रात्रीत किती कळा एकटीनं सांभाळाव्या लागतात ते मला माहीत आहे. बाई दारापर्यंत आली, एवढ्यावर आपण सगळे थांबलो, हे मात्र खरं आहे.

बॉस्टनमध्ये रेणू सापडला आहे, पुण्यात मेदाम्लं मोजली जाताहेत, आणि माझ्या मामेबहिणीच्या दंडाला पट्टा बांधला गेला नाही. या दोन गोष्टी मनात शेजारी शेजारी ठेवा आणि त्यांच्यातलं अंतर पाहा. ते कापायला फार मोठी विद्या लागत नाही. झटके थांबवायचं औषध, मॅग्नेशियम सल्फेट, स्वस्त आहे. २००२ मध्ये ३३ देशांतल्या दहा हजारांहून जास्त बायकांवरच्या चाचणीत त्यानं झटक्यांचा धोका निम्म्यावर आणला. ज्यांना धोका जास्त आहे असं पहिल्या तीन महिन्यांतच कळलं, त्यांना रोज रात्री ॲस्पिरिनची लहान मात्रा दिली तर दिवस भरण्याआधी उसळणारा प्रीएक्लॅम्पसिया निम्म्याहून कमी होतो, हे २०१७ मध्ये सिद्ध झालं. ती गोळी आपल्या मनानं घ्यायची नाही, पण कुणाला द्यायची हे डॉक्टरला ठरवता यायला हवं. त्यासाठी बाई तिसऱ्या महिन्यात तिथे पोचायला हवी. दार आतून लावलेलं असतं त्या दिवसांत. आपल्याकडे नेमकं तेव्हाच गुपित ठेवतात, दृष्ट लागेल म्हणून तीन महिने कुणाला सांगत नाहीत. शेजाऱ्यांना सांगू नका. डॉक्टरांना सांगा.

आता शेवटचं. हात नाभीवर आहे ना? तिथली नाळ तुटली, वार गेली, पण सगळंच गेलं नाही. गर्भाच्या काही पेशी तो पडदा ओलांडून आईच्या शरीरात जातात आणि तिथेच राहतात. १९९६ मध्ये संशोधकांना मुलगा झालेल्या एका आईच्या रक्तात मुलाच्या पेशी सापडल्या, त्याच्या जन्मानंतर २७ वर्षांनी. तुमची आई असेल तर तिच्या अंगात या क्षणी तुमचे काही कण फिरत असतील. आई गेली असेल तर ते तिच्याबरोबर गेले. आणि ज्यांचं बाळ राहिलं नाही, त्यांच्याही अंगात ते असू शकतात. हे मी मामेबहिणीला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. तिनं फक्त आपला हात पोटावर नेला, जिथे आत्ता तुमचा आहे.

उजाडलं असेल. घाटावर माणसं येऊ लागली असतील, हरसिद्धीच्या देवळातल्या दोन दीपमाळा उन्हात दिसू लागल्या असतील. हात खाली घ्या आणि घरात, शेजारी, नात्यात कुणाला दिवस गेले आहेत ते आठवा. डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, चेहऱ्या-हातांवर सूज, बरगडीखाली दुखणं, यांतलं काहीही असेल तर उद्याची वाट पाहू नका. काही नसेल तरी रक्तदाब पाहून घ्या आणि आकडा कार्डावर लिहिला की नाही ते बघा. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर बायकांची तपासणी मोफत होते. पट्टा बांधून रक्तदाब पाहायला दोन मिनिटं लागतात. पुढच्या ९ तारखेला तिला एकटीला पाठवू नका, तिच्याबरोबर जा.